मॉनिटर पुसण्याविषयीं

आमच्या शाळेंत मॉनिटर दोन प्रकारचे आहेत. एक वर्गाचा मॉनिटर. तो तास संपतांच उठून फळा पुसतो, कचेरींतून खडू आणितो व गडबड करणाऱ्यांचीं नांवें फळ्याच्या कोपऱ्यांत लिहून ठेवितो. दुसरा संगणकाचा मॉनिटर. हा बिचारा कोणाचें नांव लिहीत नाहीं, नुसता मुलांच्या तोंडाकडे पाहत बसतो. पहिल्यानें दुसऱ्याची निगा राखावी अशी आमच्या संगणकाच्या खोलींत वहिवाट आहे. ही निगा कशी राखावी व कशी राखूं नये, एवढाच ह्या लेखाचा विषय. वार्षिकाच्या पानांत वेळेचें महत्त्व, आज्ञापालन, मातृभाषेची सेवा अशा थोर विषयांवर दरवर्षीं लेख येतात, आणि ते यावेत हें योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टींत हात चुकला असतां एखाद्या गरीब पालकास कित्येक हजार रुपयांची चाट बसते, तिजवरहि कोणीं तरी चार शब्द लिहावेत, असें मला पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें.

आपण सारे घासणाऱ्यांच्या कुळांत जन्मलों आहों. माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं वीज असून नसल्यासारखी होती. त्यामुळें तिन्हीसांजेच्या आधीं कंदिलाची काच पुसणें हें घरांतील एक नित्यकर्मच होतें. माझी आजी चुलींतील राख वस्त्रगाळ करून डब्यांत ठेवी, चिंधीवर चिमूटभर घेई आणि काचेची काजळी अशी काढी कीं, कंदिलाला काच आहे कीं नाहीं अशी पाहणाऱ्यास शंका यावी. तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें लखलखीत होत. खिडक्यांच्या तावदानांस जुनें वर्तमानपत्र ओलें करून चोळीत. पाटी थुंकीनें भिजवून सदऱ्याच्या बाहीनें पुसण्याची कला तर कोणीं न शिकवितांच सर्वांस येत असे. ह्या साऱ्या वस्तूंत एक गुण समान होता. घासणें त्यांस सोसत असे. शास्त्रांतील आरसेहि ह्याच जातीचे. निर्गमाच्या ३८ व्या अध्यायांत स्त्रियांच्या आरशांपासून पितळेचें गंगाळ केल्याचा उल्लेख आहे. त्यावरून ते आरसे काचेचे नसून धातूचे होते हें उघड होतें. तसा आरसा मळला तर घासावा, आणि घासला कीं तो उजळावा. अशा सवयीच्या हातांपुढें आतां जी वस्तु येऊन उभी राहिली आहे, ती मात्र अगदीं वेगळ्या स्वभावाची आहे.

ती एकाएकीं आली नाहीं, म्हणून फसगत अधिक झाली. शाळाशाळांतून प्रथम जे संगणक आले, त्यांचे मॉनिटर ट्रंकेएवढे जाड असत. फर्डिनांड ब्राउन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं जी किरणनळी तयार केली, तिचेच ते वंशज. रंगीत मॉनिटरच्या नळींत वीस हजारांहून अधिक व्होल्टांचा दाब असे; त्यामुळें काचेवर स्थिर विद्युत् सांचून हवेंतील धूळ तिजकडे ओढली जाई. मनगट जवळ नेलें कीं अंगावरील लव उभी राही, व मुलांस त्याची मोठी मौज वाटे. ह्या पडद्याची काच चांगली जाडजूड असे. वरून एखादा विशेष लेप नसला, तर बंद करून ओल्या फडक्यानें खसखसून पुसल्यानेंहि तिचें फारसें बिघडत नसे. पुढें जाड मॉनिटर गेले व पातळ आले. फडकें मात्र जुनेंच राहिलें.

पातळ पडद्याच्या पोटांत द्रव-स्फटिक नांवाचा पदार्थ असतो. त्याची कथा चमत्कारिक आहे. १८८८ सालीं प्राग येथील फ्रिडरिख रायनिट्झर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञास एक पदार्थ तापवितांना असें आढळलें कीं, तो १४५.५ अंशांस वितळतो खरा, पण गढूळ राहतो, आणि १७८.५ अंशांस तो गढूळपणा नाहींसा होऊन स्वच्छ होतो. घन व द्रव ह्यांच्यामधील ही स्थिति पुढें ऑटो लेहमान ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें अभ्यासिली. ऐंशी वर्षें ती प्रयोगशाळेंतील नवलाईच होऊन राहिली. १९६८ सालीं अमेरिकेंतील आर. सी. ए. ह्या कंपनीनें तिच्या आधारें केलेला पडदा लोकांपुढें मांडला. आज तुमच्यापुढें जो मॉनिटर असतो, त्यांत दोन काचा असतात. प्रत्येक मिलिमीटरपेक्षांहि पातळ. त्यांच्यामध्यें मिलिमीटरच्या सुमारें दोनशेव्या भागाएवढी फट, आणि त्या फटींत हा द्रव. बोटानें दाबलें असतां पडद्यावर रंगांच्या लाटा उठतात त्या ह्याचमुळें. कित्येक मुलांस त्या लाटा उठविण्याचा छंद असतो. त्यांनीं ती फट किती अरुंद आहे हें एकदां वहींत रेघ ओढून व तिचे दोनशे भाग करण्याचा प्रयत्न करून पाहावें.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. पुसणाऱ्याची गांठ त्या काचेशीं पडतच नाहीं. तिच्यावर प्लॅस्टिकचें एक पटल चिकटविलेलें असतें. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नांवाच्या द्रव्याचा पापुद्रा ताणून त्यास आयोडीन पाजितात व दोन्ही अंगांनीं दुसऱ्या प्लॅस्टिकचें अस्तर लावितात. हें पटल एकाच दिशेनें आंदोलन पावणारा प्रकाश बाहेर सोडितें; तें काढून घेतलें तर मॉनिटर चालूं असूनहि चित्र दिसणार नाहीं, नुसता पांढरा उजेड दिसेल. शाळांतून व कचेऱ्यांतून वापरल्या जाणाऱ्या बहुतेक मॉनिटरांत ह्या पटलाचा पृष्ठभाग मुद्दाम अतिसूक्ष्म खरखरीत केलेला असतो, म्हणजे खिडकीचें वा दिव्याचें प्रतिबिंब त्यांत फुटून जातें व डोळ्यांस त्रास होत नाहीं. तो खरखरीतपणा नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं, बोटासहि कळत नाहीं. पण जोरानें चोळल्यास झिजतो, आणि एकदां झिजला कीं तेथें कायमचा चकाकणारा डाग पडतो. सारांश, जिला आपण काच समजून घासतों, ती काच नव्हेच.

हें कोणीं न सांगितल्यामुळें काय झालें, तें एका ठिकाणीं मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. ह्या शाळेंत येण्यापूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत मराठी शिकवीत असें. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें नववीच्या वर्गांत एक मुलगी मॉनिटर होती. वडील गवंड्याच्या हाताखालीं मजुरी करीत. मुलगी अभ्यासांत बेताची, परंतु कामास वाघ. सोमवारीं तपासणीस पाहुणे येणार असें कळल्यावर ती शनिवारीं सर्वांच्या आधीं शाळेंत आली, आणि संगणकाच्या खोलींतील सहा पडदे तिनें एकटीनें पुसून काढिले. फळ्याचा डस्टर हाताशीं होता, तो तिनें प्रथम फिरविला. त्यानें पांढरे पट्टे उठले, म्हणून कचेरींतील काचा पुसण्याचें निळें औषध आणून तें पडद्यांवर भरपूर फवारिलें व ओढणीच्या टोंकानें चोळिलें. मॉनिटर बंद होते. बंद पडद्यावर सारें काळें व स्वच्छ दिसतें. शिपाईमामांनीं तिला शाबासकी दिली.

सोमवारीं यंत्रें सुरू झालीं तेव्हां पांढऱ्या पानावर सारा प्रकार दिसूं लागला. मोतीबिंदु पडलेल्या डोळ्याप्रमाणें पडद्यांवर धुरकट वलयें आलीं होतीं, त्यांत खडूच्या व धुळीच्या कणांनीं ओढलेल्या बारीक रेघा होत्या. दोन मॉनिटरांत फवारलेलें औषध ओघळून खालच्या चौकटींत शिरलें होतें. चित्राला सूक्ष्म तारांचा पुरवठा होतो त्या जोडण्या अशाच कडांजवळ असतात. त्या दोहोंत उभ्या काळ्या पट्ट्या उमटल्या व पुढें त्या गेल्याच नाहींत. नुकसानीचा विचार करण्यास सभा भरली. ह्या मुलीस पडदा कसा पुसावा हें कोणीं कधीं सांगितलें होतें काय, असें मीं तेथें विचारलें. त्याचें उत्तर मिळालें नाहीं. दोन मॉनिटरांची किंमत पालकाकडून घ्यावी असें ठरलें. तिचे वडील तीन वेळां आले. प्रत्येक वेळीं रुमालांत बांधलेल्या नोटा टेबलावर सोडून ठेवीत, पावती घेत व कोणाशीं कांहीं न बोलतां परत जात. मुलगी त्या वर्षभर संगणकाच्या तासास वाचनालयांत बसे. बाईंनीं बोलाविलें तरी ती त्या खोलींत आली नाहीं. शाळेनें नियम केला कीं, विद्यार्थ्यांनीं पडद्यास हात लावूं नये. आणि त्या नियमानंतर पडदे कोणींच पुसले नाहींत.

हा दुसरा प्रकारहि चांगला नव्हे. धूळ बसूं दिली तर बसूं द्या, त्यानें पडदा मरत नाहीं, असें म्हणणारे लोक मला भेटले आहेत. पडदा मरत नाहीं हें खरें. वाचन मात्र बिघडतें. आमच्याच खोलींतील एक गोष्ट सांगतों. आठवीच्या एका मुलानें पडद्यावरील उतारा वहींत उतरून घेतला, त्यांत शेतकऱ्यानें आपल्या शेतांत ‘खंत’ घातलें असें लिहिलें. मीं तांबड्या शाईनें अनुस्वार खोडला. मुलगा म्हणाला, “सर, पडद्यावर तसेंच आहे.” जाऊन पाहतों तों खरोखरीच तसें होतें! एका माशीनें आपली खूण बरोबर ‘ख’च्या डोक्यावर करून ठेविली होती. पान वर सरकविलें तेव्हां तो अनुस्वार जागचा हलला नाहीं. दुसऱ्याच एका निरपराध अक्षरावर जाऊन बसला. ज्या भाषेंत एका टिंबानें ‘वश’चा ‘वंश’ होतो व ‘गज’चा ‘गंज’ होतो, त्या भाषेच्या विद्यार्थ्यांस पडदा स्वच्छ असणें किती अगत्याचें आहे, हें त्या माशीनें मला पटविलें. गणिताच्या शिक्षकांस विचाराल तर ते दशांशचिन्हाविषयीं ह्याहून करुण कथा सांगतील.

ह्यावरून एक उपयुक्त परीक्षा निघाली आहे. टिंब दिसलें कीं प्रथम मजकूर सरकवावा. टिंब मजकुराबरोबर गेलें तर तें लेखकाचें. जागेवर राहिलें तर यंत्र बंद करून, दिव्याकडे तिरपें धरून पाहावें. पृष्ठभागावर कण दिसला तर तो मळ. कण दिसत नाहीं, आणि यंत्र सुरू करितांच तोच काळा वा रंगीत ठिपका पुन्हा त्याच जागीं येतो, तर पडद्यांतील एक बिंदु निकामी झाला आहे असें समजावें. तो कितीहि पुसला तरी जाणार नाहीं, आणि नखानें खरवडल्यास शेजारचे चांगले बिंदु मात्र बिघडतील.

आतां मळ कसा काढावा. सर्वांत मोठा शत्रु म्हणजे कोरडी धूळ व तिजवर दाबून फिरविलेलें फडकें. फ्रिडरिख मोस ह्या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं पदार्थांचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहा अशी शिडी केली. तींत जिप्सम दुसऱ्या पायरीवर आहे, नख सुमारें अडीचवर, खिडकीची साधी काच साडेपांचच्या आसपास, आणि वाळूंतील गारगोटीचा कण सातव्या पायरीवर. आपल्या मैदानांतून जी धूळ खिडकींतून आंत येते, तींत असे काचेहूनहि कठीण कण असतात. मग प्लॅस्टिकची कथा काय? म्हणून प्रथम धूळ निघाली पाहिजे, नंतर पुसणें. चित्रकलेचा रुंद, मऊ व कधींहि रंगांत न बुडविलेला ब्रश घ्यावा, अथवा छायाचित्रकारांचा रबरी फुगा दाबून वारा मारावा. तोंडानें फुंकर घालूं नये. वाऱ्याबरोबर थुंकीचे तुषार उडतात व ते वाळून नवे अनुस्वार तयार होतात.

ह्याच्याहि आधीं यंत्र बंद करावें व त्याची तार भिंतींतून काढावी. हें विजेच्या भयास्तव तर आहेच. शिवाय काळ्या पडद्यावर मळ स्पष्ट दिसतो, आणि थंड पडद्यावर पाणी झटकन् वाळून त्याचे डाग राहत नाहींत.

कापडाविषयीं पालकांस विशेष सांगावयाचें आहे. चष्म्याच्या दुकानांत चष्म्याबरोबर जो लहानसा गुळगुळीत रुमाल फुकट मिळतो व जो बहुतेक घरीं चष्म्याच्या डबींत घडी करून निजलेला असतो, तो ह्या कामीं उत्तम. त्याचा धागा पॉलिस्टर इत्यादि द्रव्यांचा व इतका बारीक असतो कीं, त्याची ९००० मीटर लांबी तोलली तर वजन एक ग्रॅमहि भरूं नये. असे धागे मळ ढकलीत नाहींत, उचलून आपल्यांत घेतात. तो न मिळाल्यास धुवून धुवून मऊ झालेलें, खळ नसलेलें, बिनशिवणीचें सुती कापड चालेल. कागदी रुमाल, वर्तमानपत्र, टॉवेल व सदऱ्याची बाही ह्यांस रजा द्यावी. आजीनें तावदानें पुसलेलें वर्तमानपत्र येथें उपयोगाचें नाहीं. पुसण्याचें कापड साबणानें धुवून स्वच्छ पाण्यांतून काढावें, मऊपणा आणणारीं सुगंधी द्रव्यें त्यास लावूं नयेत, कारण त्यांचा तेलकट थर पडद्यावर उतरतो. आणि वाळल्यावर तें झांकणाच्या डब्यांत ठेवावें. आमच्या खोलींत सुरवातीस ही कापडें खिळ्याला टांगलेलीं असत. तेथें तीं सर्व मैदानाची धूळ गोळा करीत, म्हणून आतां डबा केला आहे.

पाणी कोणतें घ्यावें? आमच्या विंधनविहिरीचें तर नव्हेच. त्यांतील क्षार पातेल्याच्या बुडाशीं पांढरा थर धरितात, तसेच पडद्यावरहि ठिपके ठेवितात. ऊर्ध्वपातित पाणी औषधाच्या दुकानांत मिळतें. इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालण्यासाठीं जें शुद्ध पाणी विकतात, तेंहि चालतें. मात्र आणावयास मुलास धाडूं नये, मोठ्या माणसानें जावें, आणि बाटलीवरील अक्षरें वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. त्याच दुकानांत त्याच मांडणीवर बॅटरीचें ॲसिडहि असतें, आणि लोक दोहोंसहि ‘बॅटरीचें पाणी’च म्हणतात. ह्या एका शब्दाच्या घोटाळ्यानें पडद्याहून मोठें नुकसान होऊं शकतें. डोळा जाऊं शकतो.

पाणी पडद्यावर कधींहि शिंपडूं नये, कापडावर घ्यावें. तेंहि इतकें थोडें कीं, कापड पिळलें तर थेंब पडूं नये. मग वरून खालीं सरळ, लांब हात फिरवावा. जोर किती द्यावा ह्याचें माप मी मुलांस असें सांगतों: निजलेल्या तान्ह्या भावंडाचा गाल त्यास जागें न करितां पुसावयाचा आहे असें समजा. ज्या मुलांस घरीं तान्हें भावंड आहे, त्यांस हें माप लगेच साधतें. एखादा डाग निघत नसेल तर जोर वाढवूं नये, वेळ वाढवावा. ओलसर कापडाचा कोपरा त्यावर अर्धा मिनिट नुसता टेकून ठेवावा. मळ भिजतो व आपण होऊन सुटतो. शेवटीं कोरड्या कापडानें हलकेंच टिपून घ्यावें, आणि पडदा पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांनीं, वीज जोडावी. ह्या दहा-पंधरा मिनिटांत धीर धरणें हें साऱ्या कामांतील सर्वांत कठीण अंग आहे, असा माझा अनुभव आहे.

औषधांविषयीं एवढेंच सांगतों. अमोनिया असलेलीं काच पुसण्याचीं द्रवें, नखांचा रंग काढण्याचें ॲसिटोन, रंगाऱ्याचें थिनर, पेट्रोल, रॉकेल व कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनचें द्रव ह्यांपैकीं कोणतेंहि पडद्याजवळ नेऊं नये. कोणी पटलास धुरकट करितें, कोणी विरघळवितें, कोणी लेप उडवितें. सॅनिटायझरचा प्रश्न २०२० नंतर निघाला. त्या वर्षीं मार्च महिन्यांत महामारीमुळें शाळा बंद झाल्या. पुढें उघडल्या तेव्हां दारोदार त्याच्या बाटल्या आल्या, आणि तेंच पडद्यांसहि लावण्याचा मोह अनेकांस झाला. परंतु तें हातांसाठीं केलेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रांत ८० टक्के इथेनॉल व हाताची कातडी भेगाळूं नये म्हणून १.४५ टक्के ग्लिसरीन असतें. मद्यार्क कित्येक पडद्यांच्या लेपांस बाधक, आणि ग्लिसरीन मागें राहून चिकट थर धरणारें. कांहीं कंपन्या आपल्या विशिष्ट पडद्यांसाठीं ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलास परवानगी देतात, कांहीं स्पष्ट मनाई करितात. तेव्हां मॉनिटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका पाहावी. ती खोक्याबरोबर रद्दींत गेली असल्यास साध्या पाण्यावरच थांबावें. खोलींतून रोगजंतु जाऊं नयेत असें वाटत असेल, तर मुलांनीं आंत येण्यापूर्वीं साबणानें हात धुवावेत. आमच्या मुलांस पडद्यावर बोट टेकवून ओळी वाचण्याची सवय आहे, त्यासहि हा उपाय लागूं पडतो.

घरच्या दूरदर्शनसंचाची अवस्था निराळी असते. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तो चुलीपासून चार हातांवर असतो. फोडणीचा धूर व तेलाची वाफ त्यावर बसते, तिजवर धूळ चिकटते, व नुसत्या पाण्यानें ती हटत नाहीं. अशा वेळीं पुस्तिकेंत मनाई नसेल तर लिटरभर पाण्यांत भांडीं घासण्याच्या सौम्य द्रव-साबणाचे दोनचार थेंब टाकून त्यांत कापडाचें टोंक बुडवावें, घट्ट पिळावें व पुसावें. मागाहून साध्या पाण्याच्या कापडानें साबण काढून घ्यावा. नाताळापूर्वीं घरास चुना देतांना संचावर जुनी चादर घालावी, म्हणजे शिंतोडे खरवडण्याचा प्रसंगच येत नाहीं. हातांतील फोनला बहुधा वरून खरी काच असते, त्यामुळें ती अधिक सोशिक. तथापि तिजवरहि बोटांचें तेल न चिकटावें म्हणून पातळ लेप दिलेला असतो, आणि तीक्ष्ण औषधांनीं तो लवकर झिजतो. आणि मातांस एक विनंति: पदरानें चष्मा पुसणें सोडावें. आजकालचीं बहुतेक भिंगें प्लॅस्टिकचीं असतात. पदरावर दिवसभराची धूळ असते, व ती भिंगावर काय करिते, हें चष्मा उन्हांत तिरपा धरल्यास तुमचें तुम्हांसच दिसेल.

ज्या पडद्यावर चरे पडलेच आहेत, त्याचें काय करावें, असें मला पालक विचारतात. दंतमंजनानें घासा, पेट्रोलियम जेली भरा, असे सल्ले पुष्कळ ऐकूं येतात. दंतमंजन हें स्वतःच घासण्याचें द्रव्य आहे. तें एक चरा पुसण्यासाठीं शंभर नवे पाडितें. जेली चऱ्यास घटकाभर झांकते आणि पुढें धूळ धरिते. पटलावरील चरा भरून येत नाहीं. आमच्या खोलींत सात क्रमांकाच्या मॉनिटरवर असा एक आडवा चरा आहे. तो आम्हांस देणगींत यंत्राबरोबरच मिळाला. मजकुराची खिडकी थोडी खालीं ओढली म्हणजे चरा तिच्या डोक्यावर राहतो व वाचनाच्या आड येत नाहीं. मुलें आपण होऊन तसें करितात.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर नववीचा संगणकाचा पहिला तास ह्या कामासाठींच ठेविला आहे. त्या दिवशीं यंत्रें सुरू व्हावयाचीं नाहींत. ज्या घरीं चष्म्याच्या डबींतील रुमाल बिनकामाचा पडून असेल, त्या पालकांनीं तो धुवून मुलाबरोबर पाठवावा. सोळा मॉनिटरांस बत्तीस रुमाल लागतात, एक ओला व एक कोरडा. सध्यां आमच्या डब्यांत एकोणीस आहेत.